लाल झालाय का गं?

नाशिकच्या सिडकोतल्या त्या गल्लीत थंडीच्या दिवसांत सकाळी सातच्या सुमाराला एक हाक ठरलेली असे. पाण्याची मोटर, कुकरची शिट्टी आणि शाळेच्या रिक्षाचा हॉर्न यांच्यात ती मिसळून जायची, म्हणून नव्या भाडेकरूंच्या लक्षात येत नसे. जुन्या लोकांना मात्र तिच्यावर घड्याळ लावता आलं असतं.

“सुला, लाल झालाय का गं?”

हाक मारायचे गोरक्षनाना. घरामागच्या बारा बाय आठ फुटांच्या जागेत, बांबूंना सुतळीनं बांधलेल्या टोमॅटोच्या झाडांपुढे ते एखादं फळ तळहातावर तोलून धरून उभे असत. मग त्यांच्या पत्नी, सुलाबाई, पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून येत. फळ हातात घेत, जरासं फिरवत आणि निकाल देत. “झालाय, खुडा.” नाहीतर, “राहू द्या अजून दोन दिस.” कोर्टात इतक्या झटपट निकाल लागले असते तर वकिलांना दुसरा धंदा बघावा लागला असता.

आता कुणी म्हणेल, सहासष्ट वर्षांच्या माणसाला टोमॅटो लाल झाला की नाही हे कळू नये? नाहीच कळत. नानांना लाल आणि हिरवा हे रंग वेगळे दिसतच नाहीत, दोन्ही एकाच मळकट जातीचे. जन्मापासून तसंच आहे, आणि ते कळलं तेही भलत्याच वेळी.

नानांचे वडील इगतपुरीला रेल्वेत, रुळांच्या देखभालीवर होते. क्वार्टरच्या खिडकीतून इंजिनं बघत वाढलेलं पोर दुसरं काय व्हायचं ठरवणार? लेखी परीक्षा गोरक्ष पहिल्याच फटक्यात पास झाला. आईनं अख्ख्या चाळीत पेढे वाटले. मग आली डोळ्यांची तपासणी. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक पुढ्यात धरलं आणि विचारलं, “कुठला आकडा दिसतोय?”

“ठिपके दिसत्यात, साहेब.”

“ठिपक्यांच्या आत?”

“आत बी ठिपकेच.”

साहेबांनी पान उलटलं, आणखी एक उलटलं आणि पुस्तक मिटलं. ज्याला सिग्नलचा लाल आणि हिरवा सारखाच, त्याच्या हाती गाडी कोण देणार? वडील आठ दिवस बोलले नाहीत. आई बिचारी वाटलेल्या पेढ्यांचा विचार करत बसली, ते काही परत मागता येईनात.

मग गोरक्ष नाशिकला मामाकडे आला आणि मामाच्या पिठाच्या गिरणीत उभा राहिला. ते फार चांगलं झालं, असं नाना आजही म्हणतात, आणि उगाच मनाची समजूत घालायला म्हणत नाहीत. गिरणीत रंगाचं काय काम? पुढं गिरणी त्यांचीच झाली. चाळीस वर्षं पडत्या पिठाखाली हात धरून, चिमटीत पीठ चोळून, दळण बारीक येतंय की जाड हे त्यांनी बघितलं. डोळे मिटून सांगत, हे भाकरीचं, हे लाडवांचं, आणि ह्या गव्हात कुणीतरी मूठभर सोयाबीन टाकलंय. गल्लीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांपेक्षा नानांच्या चिमटीला जास्त मानत.

लग्नाची गंमत तर विचारूच नका. मुलगी बघायला सिन्नरजवळच्या एका खेड्यात गेले होते. ओसरीवर दोन मुली आल्या, एक सुला आणि दुसरी तिची चुलत बहीण. निघताना मामांनी हळूच विचारलं, तर गोरक्षनं ठणकावून सांगितलं, “हिरव्या साडीतली पसंत हाय.” ओसरीवर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. हिरवी साडी चुलत बहिणीची होती, आणि तिचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. सुलाची साडी डाळिंबी. मुलीकडच्यांचे चेहरे बघून गोरक्षला आपलं काहीतरी चुकलं एवढं कळलं. “जिनं पाण्याचा तांब्या दिला ती,” तो घाईघाईनं म्हणाला, आणि मामांचा जीव भांड्यात पडला. दाराआड कुणीतरी खुदकन हसलं.

ते हसू गोरक्षनं बरोबर ऐकलं होतं. म्हणून लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यानं ठिपक्यांच्या पुस्तकापासून सगळं तिला सांगून टाकलं आणि ती काय म्हणते याची वाट बघत बसला.

“एवढंच ना?” सुला म्हणाली. “मी हाय की सांगायला.”

त्याला आता एक्केचाळीस वर्षं झाली. शर्ट कुठला, केळी पिकली का, आंबा कुठला घ्यायचा, हे तर रोजचंच. लेकीच्या, योगिनीच्या, अंगावर गोवर उठला तेव्हा ते पुरळसुद्धा नानांना सुलाबाईंनी दाखवलं होतं, बोट धरून. स्कूटरवर मागं बसल्या की सिग्नलला त्या नानांच्या पाठीवर थाप मारत, एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. “मला दोन डोळे देवानं दिले आन दोन सासऱ्यानं,” नाना कुणालाही सांगत. सांगताना त्यांचा आवाज जरा हलायचा, मग ते खोकल्याचं निमित्त करायचे.

गिरणी भाच्याच्या हवाली केल्यावर नानांनी टोमॅटोचा नाद धरला. यंदाही गणपती उठल्यावर नऊ रोपं लावली. बगलेतले फुटवे वेळच्या वेळी खुडले, बुडाशी चुलीतली राख टाकली, आंबट ताक फवारलं. नऊपैकी एक रोप शेजारच्या इंदिराकाकूंनी दिलेलं होतं. काकू शाळेतून निवृत्त झालेल्या, माहेर पंचवटीतलं, बोलणं अगदी शुद्ध. कुठल्याशा प्रदर्शनातून बियांचं पाकीट आणलं होतं आणि त्याचं नाव त्या साफ विसरल्या होत्या. ते झाड नानांच्या हाताला लागलं आणि फळांनी लगडलं.

“सुला, ह्या झाडाचे जरा उजळ दिसत्यात गं,” नाना एकदा म्हणाले.

सुलाबाईंनी फळ हातात घेतलं, फिरवलं. “भिंतीच्या सावलीत हायेत म्हणून. लालच हायेत, खुडा.”

नानांनी खुडले. एक्केचाळीस वर्षं ज्या शब्दावर संसार चालला, त्यावर आता शंका कशाला घ्यायची?

पहिल्या तोड्याचे टोमॅटो शेजारी द्यायची त्यांची रीत होती. नाना ताटलीभर घेऊन इंदिराकाकूंकडे गेले. काकूंनी ताटली हातात घेतली आणि त्यांचा चेहरा खुलला.

“अगं बाई, पिवळे! मी दिलेल्या रोपाचे ना हे? किती सुरेख आलेत.”

“पिवळे नाय, काकू. लाल हायेत,” नाना म्हणाले. “सुलानं सांगितलंय.”

काकू हसल्या. मग हसता हसता थांबल्या आणि नानांकडे बघत राहिल्या. “नाना, पिवळेधमक आहेत हो,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “लिंबासारखे.”

काकूंच्या दारापासून नानांचं दार वीस पावलांवर. त्या वीस पावलांत नानांना वर्ष-दोन वर्षांतल्या कितीतरी गोष्टी आठवल्या. तांदूळ निवडायचं काम त्यांच्याकडे कधी आलं? “तुम्ही रिकामेच तर असता,” असं म्हणून सुलाबाईंनी परात त्यांच्या मांडीवर ठेवली होती. सुई ओवायची राहिली की ती योगिनी येईपर्यंत तशीच पडून राहायची. टीव्हीसमोर बसून त्या मटार सोलत आणि वर बघतच नसत. टोमॅटो दिला की तो आधी फिरवत, अंगठ्यानं चाचपत, आणि मगच बोलत. सुला फळ बघत नव्हती, नुसती चाचपत होती.

सुलाबाई कणीक मळत होत्या. नाना समोर उभे राहिले.

“सुला, माझा शर्ट कोणत्या रंगाचा हाय?”

कणकेतले हात थांबले. “तपकिरी,” त्या म्हणाल्या.

नानांनी मान खाली घालून शर्टाकडे बघितलं. आता हे उत्तर बरोबर की चूक, ते तपासायची काहीच सोय त्यांच्यापाशी नव्हती. त्या स्वयंपाकघरात दोन माणसं होती, मध्ये एक शर्ट होता, आणि त्याचा रंग दोघांपैकी एकालाही माहीत नव्हता. हे आधी सुलाबाईंच्याच ध्यानात आलं आणि त्यांना हसू फुटलं. मग नानांनाही आवरेना. आणि हसता हसता सुलाबाई कणकेवर तशाच हात टेकून रडायला लागल्या.

दोन वर्षं झाली होती. उजव्या डोळ्यापुढं दुधावर साय धरावी तसं काहीतरी धरलं होतं, डाव्यातून दिसायचं तेही धुरकट, रंग सगळे विटलेले.

“मग सांगितलं का नाय?”

“सांगून काय करू? तुम्हाला कोण सांगणार व्हतं मग, लाल कोणतं आन हिरवं कोणतं?”

नाना खाली बसले. त्यांना आधी लाज वाटली, की आपण रोज सकाळी हाक मारत राहिलो आणि तिच्या डोळ्यांकडे एकदा नीट बघितलं नाही. आणि त्या लाजेच्या मागून तिच्याविषयी माया दाटून आली. त्यांनी तिचे पिठाचे हात धरून ठेवले.

योगिनी सिन्नरच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या ऑफिसात आहे. दुसऱ्या दिवशी ती रजा टाकून आली आणि आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजव्याचं ऑपरेशन लगेच करायला हवं, असं डॉक्टर म्हणाले.

“पिकलाय का पण?” सुलाबाईंनी विचारलं. “पिकल्याबिगर काढत नाईत.”

“ते पूर्वी, आजी. आता पिकायची वाट बघत नाहीत. उलट जास्त पिकू दिला तर तो कडक होतो, काढणं अवघड जातं. मग नजरही जाऊ शकते. महिनाभरात या.”

घरी आल्यावर सुलाबाईंनी जाहीर केलं, “तोडा संपू द्या. झाडं उपटली की बघू.”

“झाडं उपटायला फेब्रुवारी उजाडंल!” नाना ओरडले. “टोमॅटो गेले खड्ड्यात!”

“खड्ड्यात घालायला लावले का? रोज पिकत्यात. तुम्हाला कळायचं नाय, मला उठता यायचं नाय. सगळे झाडावरच सडतील.”

नानांना खरं कारण कळत होतं. टोमॅटो नुसते पुढं उभे केले होते, भीती त्यांच्या मागं होती. सुलाबाई लहान असताना त्यांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तो डोळा परत आलाच नाही. पुढची सगळी वर्षं ती माउली भिंत धरून चालली. हे आठवून नानांनी आवाज खाली आणला.

“बरं, मी एकट्यानं टोपलीभर खुडतो,” ते म्हणाले. “तू हातानं तपास. एक जरी कच्चा निघाला, तरी तुझं खरं, झाडं उपटंपर्यंत ऑपरेशनचं नाव काढायचो नाय. सगळे पिकलेले निघाले तर योगिनीला फोन लावायचा.”

सुलाबाईंनी जरा विचार केला. “चालंल,” त्या म्हणाल्या. नवऱ्याला त्या चांगल्या ओळखून होत्या.

नानांनी त्याच संध्याकाळी सराव म्हणून चार फळं खुडून आणली. सुलाबाईंनी एकेक हातात घेतलं. “हा दगड. हा बी दगड. हा बरा हाय. आन हा सडका, ह्यात बोट गेलं माझं.” नानांचं तोंड एवढंसं झालं. डोळ्यांना ताण देऊन, चष्मा पुसून पुसून त्यांनी ती चार फळं निवडली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुलाबाई पीठ चाळत होत्या. चाळता चाळता थांबल्या.

“अहो, गिरणीत तुम्ही पीठ कसं बघायचात?”

“चिमटीत.”

“डोळ्यानं नाय?”

“पिठाला डोळ्याचं काय काम?”

“मग टोमॅटोला कशाला लागत्यात?”

नाना तिच्याकडे बघत राहिले. पैज तिनं जिंकल्यातच जमा होती. नुसती गप्प बसली असती तरी पुरे होतं.

सुलाबाईंनी चाळणी बाजूला ठेवली, नानांचं मनगट धरलं आणि त्यांना मागं झाडांपाशी नेलं. “डोळे मिटा,” त्या म्हणाल्या. “आता इथं, देठाच्या बाजूला, खांद्यावर अंगठा ठेवा. दाबू नका, नुसता ठेवा. कच्चा कसा ताठ लागतो बघा. आता हा धरा.” अंगठ्याखाली काहीतरी किंचित नमलं. गव्हाचं पीठ हवं तसं उतरायला लागलं की चिमटीत असंच कळायचं. “आता देठावर एक गाठ हाय बघा. तिथं अंगठा लावून वर उचला. पिकलेला असंल तर आपणहून हातात येतो. कच्चा सोडत नाय.”

टक् झालं आणि फळ नानांच्या तळहातावर आलं. त्यांनी डोळे उघडलेच नाहीत. दोन दिवस ते तसेच झाडांमधून फिरत राहिले, डोळे मिटून, हात पुढं करून. इंदिराकाकूंनी कुंपणावरून एकदा बघितलं, आणि नाना देवाचं काहीतरी करत असतील असं समजून त्या निघून गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत हाक आली नाही. नाना टोपली घेऊन एकटेच मागं गेले. एकेक फळ खांद्यावरून चाचपलं, गाठीला अंगठा लावला, आलं ते घेतलं, नाही ते ठेवलं. कुंपणाकडच्या झाडाला खाली एक जोडफळ होतं, दोन टोमॅटो एकमेकांना चिकटून वाढावेत तसं. त्याच्यापाशी ते बराच वेळ थांबले. मग तेही खुडून टोपलीत टाकलं आणि घरात आले.

सुलाबाई मागच्या पायरीवर सूप मांडीवर घेऊन बसल्या. नानांनी एकेक फळ त्यांच्या हातात द्यायचं, त्यांनी चाचपून सुपात ठेवायचं. दहा झाले, पंधरा झाले. सुलाबाईंच्या चेहऱ्यावरचा भाव बदलत गेला, तो कौतुकानं की भीतीनं ते नानांना कळेना. मग जोडफळाची पाळी आली.

सुलाबाईंचा अंगठा एका अंगावरून फिरला, दुसऱ्या अंगावर आला आणि तिथं थांबला. पुन्हा फिरला, पुन्हा तिथंच थांबला. नानांचं सगळं लक्ष त्या अंगठ्यावर. ऑपरेशन होणार की नाही, ते आता त्या एका बोटावर होतं. सुलाबाईंनी खालचा ओठ दातांत धरला. मग त्यांनी ते फळ सुपात न ठेवता पदराखाली मांडीत सारलं आणि हात पुढं केला. “द्या पुढचा.”

शेवटचं फळ सुपात पडल्यावर त्या म्हणाल्या, “सगळे पिकलेत. योगिनीला फोन लावा.”

नानांनी फोन लावला.

चार दिवसांनी ऑपरेशन झालं. नाना आणि योगिनी बाहेर बाकावर बसले होते. आत सुलाबाई, आणि इकडे नाना मनातल्या मनात एकेकाचे आभार मानत होते. ठिपक्यांच्या पुस्तकाच्या डॉक्टरांचे मानले, कारण त्यांनी पास केलं असतं तर नाना कुठल्यातरी इंजिनावर असते आणि सिन्नरकडं मुलगी बघायला गेलेच नसते. इंदिराकाकूंचे मानले. त्या पिवळ्या झाडाचेही मानले, कारण ते लाल निघालं असतं तर सुलाचा डोळा कुणाला न सांगता पिकत राहिला असता. अर्ध्या तासात नर्सनं दार उघडून सांगितलं, सगळं व्यवस्थित आहे. नानांनी हात जोडले. डोळ्यांतून पाणी आलं ते पुसलंही नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. सुलाबाईंनी उघडझाप केली, समोर बघितलं, आणि पहिलं काय बोलाव्यात?

“अहो, हा शर्ट शेवाळी हाय. मी त्या दिवशी तपकिरी सांगितला. चुकलं माझं.”

घरापाशी रिक्षातून उतरल्या आणि काळ्या चष्म्याआडून गेटकडे बघत उभ्या राहिल्या. मागच्या दिवाळीला गिरणीतल्या एका उरलेल्या रंगाच्या डब्यातून दोघांनी ते हौसेनं रंगवलं होतं. डब्यावरचं नाव पुसलेलं, पण शेंदरी आहे असं सुलाबाईंनी सांगितलं होतं.

“हे पोपटी?” त्या किंचाळल्या. “वर्षभर आपलं गेट पोपटी? योगिनी, तू बोलली का नाय?”

“मला वाटलं तुम्हा दोघांची आवड,” योगिनी म्हणाली. शेजारच्या दारात इंदिराकाकू उभ्या होत्या. “तुम्ही इतके खुशीत होतात,” त्या म्हणाल्या, “म्हटलं कशाला बोला?” सगळ्यांच्या आधी नाना हसत सुटले.

योगिनी औषधं आणायला गेली. सुलाबाई स्वयंपाकघरात आल्या. ओट्यावर तांदळाचा डबा होता. त्यांनी झाकण काढून आत हात घातला आणि तांदळातून ते जोडफळ वर काढलं. खिडकीशी नेऊन उजेडात धरलं आणि चष्मा जरा खाली करून त्या बघत राहिल्या. नाना दारात उभे होते. सवयच ती, तोंडातून निघून गेलं,

“लाल झालाय का गं?”

“झालाय,” सुलाबाई म्हणाल्या. मग पाठमोऱ्याच पुढं बोलल्या, “त्या दिवशी मात्र नव्हता. एका अंगानं कच्चा व्हता.”

“मला ठाव व्हतं.”

त्या वळल्या. “ठाव व्हतं?”

“खुडतानाच. गाठ सोडत नव्हती.”

“मग टोपलीत कशाला टाकला? मी तिथंच नाय म्हटलं असतं तर?”

नाना दाराच्या चौकटीवरून बोट फिरवत राहिले. “म्हणूनच टाकला,” ते म्हणाले. “डोळा तुझा. तुला नाय म्हणायचं असंल तर नाय म्हणता यायला पाहिजे. मला पैजेत अडकवून न्यायचं नव्हतं तुला.”

सुलाबाईंनी सुरी घेतली, जोडफळाचे जिथं ते जुळलं होतं तिथून दोन भाग केले, दोन्हींवर चिमूटभर मीठ टाकलं आणि एक नानांच्या हातावर ठेवला.

“आतून लालभडक हाय,” त्या म्हणाल्या.

नानांनी हातातल्या फोडीकडे बघितलं आणि मान डोलावली.